शततारकेचं तिसरं इंजिन

या वेळी यानाचा विषय निघणारच नाही, अशी वेदांगला पक्की खात्री होती. त्यानं तशी शपथच घेतली होती, आईच्या डोक्यावर हात ठेवून. ‘‘हात हलका ठेव,’’ आई म्हणाली होती, ‘‘शब्द जड ठेव.’’

कारणही तसंच होतं. ‘ध्रुवपथ’ नावाची एक अंतराळमालिका आहे आणि तिच्यात ‘शततारका’ नावाचं एक यान आहे. त्याला आधी दोन इंजिनं होती. मग एका लढाईत ते जळालं आणि पुढच्या भागात दुरुस्त होऊन आलं ते तीन इंजिनं घेऊन. सांगाडा नवा, रंग नवा, नाव मात्र जुनंच! तेव्हापासून मालिकेच्या चाहत्यांत उभी फूट पडलेली आहे. एक गट म्हणतो, यान तेच. दुसरा म्हणतो, हे यान वेगळं, याला वेगळं नाव द्या. या दुसऱ्या गटाच्या जबलपूर शाखेचा अध्यक्ष, सचिव आणि एकमेव सभासद अधारतालला आपल्या आईबरोबर राहत होता. आधी पाहिलेल्या दोन्ही मुलींना त्यानं हा वाद मुळापासून समजावून सांगितला होता. दोन्हीकडून ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला. त्यातल्या एका घरी तर पत्रिका दिलीच नव्हती.

तर या वेळी शपथ घेऊन मायलेक स्कूटरवरून मदन महलला मुलीच्या घरी, तिच्या वडिलांकडे म्हणजे भय्यासाहेबांकडे, पोचले. भय्यासाहेब डिफेन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. नुकतीच बायपास झाली होती, पण चौकसपणाला डॉक्टरांनी हात लावला नव्हता. स्कूटर किती अ‍ॅव्हरेज देते इथपासून त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या पत्नी विनताबाईंनी पोहे आणि खव्याची जलेबी पुढे ठेवली. मुलगी अपूर्वा कॉलेजात गणित शिकवायची. ती समोर येऊन बसली आणि वेदांगनं नजर कुठे ठेवावी हे न कळून शोकेसकडे पाहिलं.

शोकेसमध्ये, चिनी मातीच्या दोन मोरांच्या मधोमध, शततारका उभी होती. अख्खी पत्र्याची. तीन इंजिनांची.

वेदांगच्या घशात पोहे अडकले. पुष्पाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, टीपॉयखालून त्याच्या पायावर पाय दिला. वेदांग पाणी प्यायला, जलेबी खाल्ली, पुन्हा पाणी प्यायला.

‘‘ते पाहून राहिले का?’’ भय्यासाहेब खुलले. ‘‘अपूर्वाचं आहे. रिछाईच्या कारखान्यात एका ओळखीच्याकडून बनवून घेतलं मी. काय आहे ते मला अजून समजलं नाही, पण वेल्डिंग पाहा.’’

‘‘वेल्डिंग छान आहे,’’ वेदांग म्हणाला. मग शपथेचा बांध फुटला. ‘‘पण तिसरं इंजिन काहून?’’

पुष्पाबाईंनी डोळे मिटले. अपूर्वानं मात्र आपले पहिल्यांदाच नीट उघडून त्याच्याकडे पाहिलं.

मुलामुलीला जरा बोलू द्यावं म्हणून दोघांना गच्चीवर पाठवलं. गच्चीवर वेदांग बोलला आणि अपूर्वानं ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, प्रश्न विचारले. जळालेल्या यानातली घंटा नव्यात लावली होती, तिचं काय? कप्तान तोच होता, त्याचं काय? वेदांग रंगात आला. ‘‘शततारका म्हणजे नुसता पत्रा नाही, जिवंत आहे ती,’’ तो म्हणाला. ‘‘जुना सांगाडा म्हणजे तिचं घरच, ते गेलं, रंग बदलला, आतलं सगळं बदललं. तरी तिला जुन्याच नावानं हाक मारायची? अन्याय आहे हा. नाव बदललंच पाहिजे.’’

‘‘अच्छा,’’ अपूर्वा म्हणाली आणि विचारात पडली. कोणीतरी जांभई न देता आपलं ऐकतंय, हा अनुभव वेदांगला नवा होता. लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्याचं जिना उतरता उतरता ठरून गेलं.

खाली आल्यावर भय्यासाहेबांनी घसा साफ केला. ‘‘एक विचारून घेतो. तुमच्याकडे लग्नात तांदळात मुलीचं नवं नाव लिहितात. आमच्या अपूर्वाला तिचं नाव बदललेलं चालणार नाही. तुमचा काही आग्रह?’’

वेदांग ‘छे’ म्हणायला तोंड उघडतच होता, तेवढ्यात अपूर्वा म्हणाली, ‘‘यांचं मत पक्कं आहे, बाबा. घर बदललं की नाव बदललंच पाहिजे. न बदलणं अन्याय आहे म्हणे. आत्ताच सांगितलं वर.’’

विनताबाईंनी जलेबीची बशी स्वतःकडे ओढली.

‘‘ते यानाबद्दल होतं!’’ वेदांग घाईघाईनं म्हणाला. ‘‘माणसाचं वेगळं.’’

‘‘काहून वेगळं?’’ अपूर्वाचा आवाज वर्गात फळ्यापुढे असावा तसा शांत होता. ‘‘यान जिवंत आहे, असं तुम्हीच म्हणाले ना.’’

आता सरळ माघार घ्यायची की नाही? एवढी वर्षं शेकडो लोकांशी भांडून उभा केलेला सिद्धांत एका बाजूला आणि समोर बसलेली मुलगी दुसऱ्या बाजूला. वेदांगनं शोकेसकडे पाहिलं, मग अपूर्वाकडे, मग पुन्हा शोकेसकडे.

‘‘रुका, रुका,’’ भय्यासाहेब पुढे सरकले. त्यांना मुळातच उत्सुकता होती. ‘‘मला समजू द्या. माझ्या छातीत डॉक्टरांनी तीन नवे पाइप टाकले. मग मी भय्यासाहेब आहे, की कोणी दुसराच?’’

‘‘दुसरेच आहेत,’’ विनताबाई म्हणाल्या. ‘‘ऑपरेशनपासून स्वतःची ताटली स्वतः उचलून राहिले. मी तर या मुलाच्याच बाजूनं आहे.’’

‘‘विनता, अगं मुलीच्या नावाचा प्रश्न आहे!’’

‘‘होय ना, पण ताटलीचाही आहे.’’

इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या पुष्पाबाई बोलल्या, तेव्हा त्या कोणाशी बोलताहेत हे पटकन कळलं नाही. ‘‘माझं माहेरचं नाव अवंती. तांदळात पुष्पा लिहिलं. कोणी विचारलं नव्हतं. आई मात्र शेवटपर्यंत अवंतीच म्हणायची. ती गेली, तेव्हापासून त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही.’’

वेदांगला आईचं माहेरचं नाव ठाऊक होतं, कुठल्याशा जुन्या दाखल्यावर त्यानं ते वाचलंही होतं. पण शततारकेला काय वाटत असेल यावर रात्र रात्र भांडणाऱ्या या माणसाला, आईला काय वाटलं असेल हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

‘‘नाव बदलायचं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘शततारका तीच आहे. तिसऱ्या इंजिनासकट.’’

‘‘इथे नाही. फोनवर तुमच्या गटाचा ग्रुप असेल ना, तिथे लिहा,’’ अपूर्वा म्हणाली.

वेदांगनं लिहिलं आणि पाठवलं. फोन आधी गप्प राहिला, मग टुणटुण वाजतच सुटला. गद्दार, विकला गेलास, जबलपूर शाखा बरखास्त! शेवटी, वेदांगनंच ग्रुपमध्ये घेतलेल्या रायपूरच्या एका मित्रानं वेदांगलाच ग्रुपमधून काढून टाकलं.

त्यानं फोन अपूर्वापुढे धरला. तिनं तो नीट वाचला आणि पहिल्यांदाच हसली. ‘‘बाबा, मला पसंत आहेत,’’ ती म्हणाली. मग वेदांगकडे वळली. ‘‘फक्त एक सांगू? मी इतके दिवस यान तेच म्हणायचे. पण गच्चीवर तुम्ही इतकं छान समजावलंत की मला पटलं. शततारका दुसरीच आहे.’’

भय्यासाहेबांनी जलेबीची बशी विनताबाईंकडून परत घेतली आणि पाहुण्यांपुढे केली.

मायलेक स्कूटरवरून परत निघाले. शपथ मोडली होती, अध्यक्षपद गेलं होतं, लग्न ठरलं होतं. सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा त्यानं मागे न बघता विचारलं, ‘‘मग आता मी तुला काय म्हणायचं?’’

‘‘आईच म्हण,’’ मागून उत्तर आलं. ‘‘ते नाव तेवढं कोणी बदललं नाही.’’

सिग्नल हिरवा झाला. स्कूटर निघाली तशी पुष्पाबाई त्याच्या कानाशी वाकल्या.

‘‘पण काय रे, ते तिसरं इंजिन आलं कुठून?’’