नातवाच्या कवितेचं दुसरं कडवं

"नामकरणाची कविता मीच लिहिणार! आणि अशी लिहिणार की पाद्रीणबाईसुद्धा रुमाल शोधतील!" हाल्फ्रेदूरआजोबांनी जाहीर केलं. चाळीस वर्षं मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला हा माणूस आता पाना घेऊन कवितेच्या मागे लागला.

त्यांची मुलगी उन्नुर सहा आठवड्यांच्या बाळाची आई होती आणि काळजी करण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. बाळ तिकडच्या रीतीप्रमाणे बागेत, थंड वाऱ्यात, बाबागाडीत झोपलं होतं. ती स्वयंपाकघरात, बाळाचा आवाज ऐकवणाऱ्या मॉनिटरला अशी कान लावून बसली होती, जणू शत्रूची पाणबुडीच हुडकतेय! बाळाचं नाव दागूर ठरलं होतं. पण ते फक्त तिला आणि नवऱ्याला, ब्रागीला ठाऊक. नामकरणाआधी नाव फोडायचं नसतं.

अचानक मॉनिटरमधून आजोबांचा आवाज आला; ते बागेत बाळापाशी कविता म्हणून बघत होते:

"हाल्फ्रेदूर, हाल्फ्रेदूर! नाव केवढं भारी!
ऐकताक्षणी वळून बघते बंदरावरची गर्दी सारी!"

तेवढ्यात बाळ रडलं आणि कविता तिथेच थांबली.

"ब्रागी! बाबा धरून चाललेत की बाळाला त्यांचंच नाव मिळणार!"

"अगं, बाळ साडेपाच किलोचं आणि नाव सहा किलोचं! झेपेल का त्याला?"

"पण त्यांचं मन मोडेल रे!"

"उन्नुर, दागूर ठरलंय ना?"

"हो रे, दागूरच!"

रविवारी दिवाणखान्यात काचेच्या वाडग्यात नामकरणाचं पाणी आलं, पाहुणे जमले. पाद्रीणबाईंनी विचारलं, "बाळाचं नाव काय?"

उन्नुरने वडिलांकडे पाहिलं. हातात कवितेचा घडी घातलेला कागद, आणि डोळे तिच्यावरच लागलेले! त्यांचं मन मोडणं तिला जमेना.

"हाल्फ्रेदूर!"

ब्रागीने आ वासला. बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं. आजोबा मात्र पांढरेफटक!

"बाबा, कविता वाचा ना!"

"राहू दे गं. घसा बसलाय."

"आत्ता तर केक मागत होतात ठणठणीत आवाजात!"

ब्रागीने सासऱ्यांच्या हातातून कागद काढून घेतला. पहिलं कडवं झोकात वाचलं. मग दुसरं:

"बघते आणि हसते, सोन्या! आयुष्यभर मी सोसलं!
देवा, तुझे उपकार, हे नाव नातवाला नाही डसलं!"

 मागे कुणाची तरी बशी खळकन वाजली.

"बाबा, आधी का नाही बोललात?" उन्नुर रडकुंडीला आली. "मी तुमच्यासाठी दिलं हो हे नाव!"

"अगं, नाव आधी विचारायचं नसतं ना! मला वाटलं, एवढी शिकलेली पोर, ही असलं काही करणार नाही!" आजोबांनी डोळे पुसले आणि बाळाला छातीशी धरलं. "ये रे, हाल्फ्रेदूर. आता लोक हसले तर दोघांना हसतील."

आपलं नाव पहिल्यांदाच नीट ऐकून बाळाने जोरात भोकाड पसरलं.