गर्जनाचा सातवा गडी

आमचे बापू सुभेदार म्हणायचे, "मी मेलो तरी तिरडी वरच्या पेठेतनं न्यायची न्हाई. भायेरच्या रस्त्यानं न्या. उशीर झाला तर झाला, मला कुटं ड्यूटीवर जायचंय?"

साताऱ्यात आमच्या खालच्या पेठेचा 'वज्र' आणि वरच्या पेठेचा 'गर्जना' असे दोन फुटबॉल संघ होते. बापू वज्रचे सर्वेसर्वा, मी त्यांचा बॅक. गर्जनाचं नावही ते घेत नसत, 'ती मंडळी' म्हणत. पुतणीला वरच्या पेठेतलं स्थळ आलं तेव्हा सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पन ऑफसाइड हाय."

मूळ संघ एकच. बापू आणि येसू माने एकाच पलटणीतून पेन्शनीवर आले आणि दोघांनी मिळून तो काढला. पुढे एका अंतिम सामन्यात पेनल्टी बापूंनी मारायची ठरली होती. ती येसूंनीच मारली आणि बॉल गेला बाभळीत. त्या दिवशी संघ फुटला, येसूंनी वरच्या पेठेत गर्जना काढला, बोलणंही तुटलं.

दुष्काळानंतरच्या वर्षी येसूंना अर्धांगवायू झाला. त्यांचा संघ विस्कटला. दसऱ्यानंतरच्या सामन्याला गर्जनाची सहाच पोरं आली. येसूंना मात्र घरच्यांनी उचलून आणून मैदानाच्या कडेला खुर्चीत बसवलं होतं.

रेफरी म्हणाले, "निदान सात पाहिजेत. नाहीतर वज्र विजयी."

आम्ही नाचायलाच लागलो.

"गप रं!" बापू ओरडले. अंगातला कोट माझ्या हातात कोंबला आणि तरातरा पलीकडे गर्जनाच्या पोरांकडे गेले. "गोलकीपरचा सदरा आणा. मोठा न्हाई? मग असंल तो आणा!"

सदरा पोटावर अडकला. तसेच गोलात उभे राहिले. आम्ही संकोचून हळू बॉल मारू लागलो, तर खेकसले, "लाडात येऊ नगा! नीट मारा!"

मग मारले. बापू प्रत्येक बॉलवर झेपावत होते, बहुतेकदा बॉल आत गेल्यावर. गर्जनाचा पार धुव्वा उडाला.

शिट्टी झाली. बापू आमच्याकडे आलेच नाहीत. धुळीनं माखलेले, धापा टाकत येसूंच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसले. मी कोट घेऊन मागोमाग गेलो.

"येसू, हरलो रं आपण."

येसूंचे ओठ वाकडे झाले होते. शब्द मोठ्या कष्टानं आले. "तुज्या... मुळं."

"व्हय गड्या, माज्यामुळंच," बापू म्हणाले आणि येसूंचा लुळा हात मांडीवर घेऊन चोळत बसले. मैदान रिकामं झालं तरी उठले नाहीत.