सखोपंतांच्या बर्फावरील मुजऱ्याची हकीकत

श्री गणाधीश प्रसन्न. उंचावरील देवतांनी थंडी बेताची ठेवावी आणि लिहिणाराची बोटे चालती राखावी. शके १७०३ प्लवनाम संवत्सरे, पौष शुद्ध पंचमीस दरबारची मंडळी हिमाच्या पठारावर खेळावयास गेली, तेथे काय वर्तले ते पाहिले तैसे लिहिले असे.

आमचे राज्य खाली, उष्ण मुलखात. बर्फ कोणी पाहिले नव्हते. महाराज पंचविशीतले, त्यांस हौस उपजली की चार दिवस कामकाज बाजूस ठेवून बर्फात खेळावे. समागमे सखोपंत होते. दरबारात कोणी कोठे बसावे, कोणी कोणामागे चालावे, हे राखणे पंतांकडे. त्यांत नियम दोन मोठे : महाराजांच्या पुढे कोणी जाऊ नये आणि महाराजांस पाठ दाखवू नये. थोरल्या महाराजांपासून चाळीस वर्षे पंतांनी हे डोळ्यांत तेल घालून राखिले, एक वेळ चूक नाही. आता निवृत्त व्हावयाचे, आणि सहलीचे शेवटल्या दिवशी निष्कलंक सेवेचा भरजरी शेला त्यांस द्यावयाचा ठरला होता. शेला पेटीत बरोबर होता, आणि पंत दिवसातून दोन वेळ पेटी उघडून पाहत, हे आम्ही पाहिले आहे.

पहिले दिवशी घसरगाड्या जाहल्या. महाराजांची गाडी पुढे, ती तळास पोहोचली मग दुसरी सुटली. दुसरे दिवशी गोठल्या तळ्यावर पोलादी पात्यांचे जोडे बांधून घसरले, तेथेही महाराज पुढे आणि अवघी मंडळी हुद्द्याप्रमाणे मागे. तिसरे दिवशी बर्फाची भिंत रचिली आणि गोळ्यांची लढाई मांडिली, तो महाराजांवर गोळा टाकावा कोणी? महाराज हातात गोळा घेऊन घटकाभर उभे राहिले आणि मग तो हळूच खाली ठेविला. आम्हांस फार वाईट वाटले, परंतु टाकावयाची छाती आमचीही जाहली नाही. खेळ शिकविणारी पेमा म्हणोन पठारावरली बाई होती, ती म्हणाली, "राजेसाहेब, तुमची माणसं खेळतात की मिरवणूक काढतात?" महाराज हसले, परंतु ते हसणे खरे नव्हते.

चौथे दिवशी पायांस लांब फळ्या बांधून उतारावरून यावयाचे होते. पेमाने सकाळी आधी वळणे शिकविले आणि मग थांबणे, म्हणजे बाजूस आडवे पडणे, शिकविले. थांबणे चालले ते समयी पंत दोघां सरदारांचा तंटा मिटवीत होते, की तिसरे कोणी उभे राहावे. सबब पंतांस वळणे आले, थांबणे आले नाही. मग महाराज निघाले, भीत भीत, मुंगीचे चालीने. मागील मंडळी वेगात आली आणि पुढे जाणे होईल म्हणोन एकेक आपण होऊन आडवी पडली. आधी सेनापती, मग खजिनदार, मग आम्ही. आमचे कानांतले बर्फ संध्याकाळपर्यंत निघाले नाही. सर्वांमागे पंत, देहाने भारदस्त, ते जे सुटले ते आम्हां सर्वांस ओलांडून थेट महाराजांच्या पुढे गेले.

पंतांचे तोंडचे पाणी पळाले. एक नियम मोडला, दुसरा तरी राखावा म्हणोन त्यांनी शिकले होते तैसे वळण घेतले, महाराजांकडे तोंड केले, आणि उलटे घसरत मुजरे करू लागले. महाराजांस हसू आवरेना. भीती विसरून त्यांनीही वेग घेतला आणि म्हणाले, "पंत, मुजरा राहू द्या, तोल सांभाळा."

"महाराज, रीत आहे."

"मागे झाड आहे. डावीकडे घ्या."

"कोणाचे डावे, महाराज?"

"तुमचे, पंत, तुमचे."

ऐसे महाराज वाट सांगत आणि पंत मुजरे करीत, दोघे समोरासमोर खाली आले. पंत कालच्या भिंतीत पाठीकडून शिरले, आणि महाराज त्यांचेवर जाऊन पडले. पंत उठले ते रडतच. म्हणाले, "शेला राहू द्या, महाराज. चाळीस वर्षांची सेवा एका उतारावर गेली."

महाराजांनी पेटी आणविली आणि शेला आपले हाते पंतांचे खांद्यावर घातला. म्हणाले, "पंत, लहानपणापासून आम्ही पुढे आणि सगळे मागे. खेळताना कोणाचे तोंड कधी दिसले नाही. आज दिसले."

"मग हा शेला कोणत्या सेवेचा समजावा?"

"पुढे गेल्याचा."

पंतांनी डोळे पुसले, जरा विचार केला, मग वाकून बर्फाचा गोळा वळला, रीतीप्रमाणे मुजरा केला आणि विचारिले, "आज्ञा असावी?" महाराजांनी मान डोलविली.

एकूण सहल चार दिवसांची. मुरगळलेले पाय तीन, हरवलेली पगडी एक. महाराजांस त्या दिवशी गोळे लागले सत्तेचाळीस, पैकी आमचे दोन. पहिला पंतांचा, नेमका छातीवर. येथे शाई गोठली, सबब लिहिणे पुरे.