बुजवलेली खिडकी

आक्कांच्या थोरल्या मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला होता, आणि आक्कांना संताप यायचा तो त्याचाच. अंगावरून घामाच्या धारा चाललेल्या असताना हा गृहस्थ मोबाईल काढून उकडतंय की नाही ते बघायचा. भाजीत मीठ बरोबर आहे का म्हणून विचारलं, तर आता तेही त्यातच बघेल असं वाटायचं. तटरक्षक दलाच्या चौकीचा साहेब झालेला, पोराबाळांचा बाप; पण नवी यंत्रणा आल्यापासून समोर आई उभी राहिली तरी तिची वर्दी दुसरीकडून यावी लागत होती.

यंत्रणा मात्र झोकात होती. मनोऱ्यावर कॅमेरे, छपरावर रडार, कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडदा. त्या भिंतीला पूर्वी समुद्राकडची मोठी खिडकी होती. पडद्यावर उजेड येतो म्हणून थोरल्यानं तिच्यावर प्लायवूड ठोकलं आणि पडदा नेमका तिथंच टांगला. आक्कांनी विचारलं, तर म्हणाला, आता क्षितिजापलीकडचं दिसेल. मग अलीकडचं कशातून बघणार, हे आक्कांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सुनेसमोर मुलाचा पाणउतारा नको म्हणून त्यांनी गिळलं. असं त्या क्वचितच गिळत.

बडे साहेब पाहणीला येणार होते. एक 'संशयित' लाँच किनाऱ्याकडे येणार, यंत्रणा ती हेरणार, भोंगा वाजणार, गस्ती नौका सुटणार आणि थोरल्याची बढती पक्की होणार, असा बेत होता. नेमकी त्याच सकाळी लाँच बंद पडली. आक्काच पुढे सरसावल्या. आपल्या नवऱ्याची होडी काय शोभेला आहे का, असं म्हणून त्यांनी आबांना परस्पर संशयित ठरवून टाकलं. आबांना कुणी विचारलं नाही. घरात तशी पद्धत नव्हती.

गडबडीत थोरला एक गोष्ट विसरला. आठवडाभर भोंगा प्रत्येक होडक्यावर, प्रत्येक पाखरावर कोकलत होता. साहेबांसमोर शोभा नको म्हणून त्यानंच यंत्रणेला बजावून ठेवलं होतं, लहान लाकडी होडी दिसली की दुर्लक्ष कर. शिवाय आबांचा वायरलेस सरावासाठी नोंदवलेला. त्यावरचं बोलणं थेट 'सराव' नावाच्या कप्प्यात जाऊन पडणार होतं, नंतर सवडीनं ऐकायला.

साहेब आले. चहा झाला, पुन्हा झाला. पडद्यावर समुद्र निळा आणि निर्मळ. सगळं शांत आहे, असं थोरला घाम पुसत सांगत राहिला. कोपऱ्यातल्या आक्कांना एसीनं हुडहुडी भरली, म्हणून त्या ऊन खायला बाहेर आल्या आणि पायरीवरच थबकल्या. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आबा होडीत उभे होते. इंजिन गप्प, सदरा काढून गरागरा फिरवताहेत, आणि पाण्याची ओढ होडीला खडकांकडे नेते आहे.

त्या आत आल्या. "थोरल्या, तुझा बाप खडकांवर चाललाय."

"आई, पडद्यावर काही नाही."

"नसेल. तो बाहेर आहे. बनियनवर."

"अगं, असते तर यंत्रणेनं दाखवलं असतं."

आक्कांनी पुढे चर्चा केली नाही. शाळेत न्यायच्या तसं थोरल्याचं मनगट धरून त्याला साहेबांदेखत बाहेर काढलं. साहेबही मागोमाग आले. समुद्र पाहताच थोरला धावत सुटला. गस्ती नौकेतून दोर त्यानं स्वतः फेकला. तेवढ्यापुरता तो आक्कांना आपला वाटला. धक्क्यावर चढल्यावर आबा एवढंच म्हणाले, की आपण मघापासून वायरलेसवर ओरडतोय आणि पलीकडची कुणी बाई 'आपला संदेश नोंदवला आहे, आभारी आहोत' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतेय.

अहवाल येईपर्यंत थोरला घरात चोरासारखा वावरला. मग अहवाल आला. पाहणीत यंत्रणेनं एकही खोटा इशारा दिला नाही, म्हणून शाबासकी. त्रुटी एकच, जवळचं दिसत नाही. त्यासाठी दुसरा टप्पा मंजूर झाला होता: समुद्राकडच्या भिंतीत काचेचं 'थेट निरीक्षण केंद्र'. आणि एवढा अनुभव असलेला दुसरा अधिकारी नसल्यामुळे त्याचा प्रमुख थोरला, बढतीसह.

जेवताना त्यानं हे मोबाईलवरून सगळ्यांना वाचून दाखवलं. आबांनी घास चावत मान डोलावली. आक्कांनी त्याच्या ताटात भात वाढला, तरी याची नजर वर होईना. शेवटी त्यांनी मोबाईल काढून घेतला आणि पालथा ठेवला.

"खिडकी परत उघडशील तू, त्याची मला काळजी नाही," त्या म्हणाल्या. "पण तिच्यापाशी बसवायला डोळे असलेला माणूस शोध. आणि तिथं स्वतःचं नाव देऊ नकोस."