सासऱ्यांची पटाशी

सासऱ्यांची पटाशी वाकडी होती. म्हणजे पातं सरळ, मूठ सरळ, पण जिथे धार असते ती कड एका बाजूला उतरती. एखाद्याच्या नजरेतून सुटलीही असती. पण जावयाचा जन्म नकाशे काढण्यात गेलेला. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललं तरी या माणसाला घास गिळवत नसे. ऑफिसात त्याला सगळे 'काटकोन' म्हणत, आणि त्याला ते कौतुकच वाटे.

पटाशी बायकोने माहेरून आणली होती, फडक्यात गुंडाळून. सोबत निरोप होता, "जावईबापूंना म्हणावं, बघा जमलं तर."

एवढ्याशा निरोपाने काटकोन हरखून गेला. सासरे हाडाचे सुतार. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून आता कारखाना बंद करत होते, आणि त्यांची हत्यारांची पेटी दोनपैकी एका जावयाकडे जाणार होती. धाकट्या जावयाने, म्हणजे याच्या साडूने, दिवाणखान्यात तिच्यासाठी काचेचं कपाटसुद्धा करून घेतलं होतं. काटकोनाला मात्र ती पेटी वापरायला हवी होती. तिच्यातला रंधा एकदा तरी आपल्या हाताने लाकडावरून फिरवावा, एवढंच त्याचं लग्नापासूनचं स्वप्न. पण सासऱ्यांनी आजवर त्याला खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता.

आणि आता थेट पटाशी! काटकोनाने नुकतंच धार लावायचं यंत्र घेतलं होतं, त्याची वार्ता तिकडे पोचली असणार. त्याचं दगडी चाक पाण्याच्या ट्रेमधून संथपणे फिरे. पाण्यामुळे पोलाद तापत नाही, म्हणून धार मऊ पडत नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवी. घरातल्या सुऱ्या त्याने अशा परजल्या होत्या की बायको टोमॅटो कापताना बोटांना चिकटपट्ट्या आधीच लावून बसे.

"म्हातारपणी नजर गेली बघ बाबांची," तो हळहळला. "धार लावता लावता तिरकी झाली आणि त्यांना कळलंही नाही."

सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्याने जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडलं. चाकाने आधी तांब्याभर पाणी पिऊन टाकलं, मग आणखी तांब्याभर. गुण्या लावून त्याने पात्यावर काळ्या पेनाने काटकोनात रेघ मारली आणि घासायला बसला. घाईच्या माणसाचं ते यंत्रच नव्हे. नाश्ता झाला, आंघोळ राहिली, टेबलावर राखाडी पाण्याचं तळं झालं, तेव्हा कुठे कड रेघेला भिडली. मग चामड्याच्या चाकावर चकाकी आणून त्याने मनगटावर पटाशी अलगद फिरवली. केस साफ.

"अगं, बघ! आरसा झालाय, आरसा!"

बायको आली आणि दारातच थबकली. "ही सरळ कशी?"

"वाकडी होती. केली सरळ."

"अहो, बाबांची पटाशी वाकडी असेल कशी? मुद्दाम तिरकी असते ती! कोपऱ्यातलं लाकूड काढायला तिरक्या तोंडाची लागते. लहानपणापासून बघत आले मी."

काटकोनाने घाईघाईने यंत्र बंद केलं. तिरक्या तोंडाच्या पटाश्या असतात, हे त्यानेही कुठेतरी वाचलं होतं. नेमकं पटाशी हातात आल्यावर डोकं गहाण पडलं होतं.

"बाबांना विचारू का?"

"विचारा! म्हणजे पेटी आजच तुमच्या साडूंच्या कपाटात जाईल."

तिने बहिणीला फोन लावून आडून आडून विचारलं. बहिणीने नवऱ्याला विचारलं. साडू मागून ओरडला, "तिरकीच असते! का हो, सरळ झाली की काय?" आणि खो खो हसला.

आता प्रश्न उरला, तिरकी कुठल्या बाजूला? घरातल्या दारांच्या चौकटीसुद्धा मोजून ठेवणाऱ्या या माणसाने त्या तिरकेपणाचं माप घेतलंच नव्हतं. चुकलेल्या गोष्टीचं कोणी माप घेतं का?

"उजवीकडे उतरती होती," बायको ठाम म्हणाली.

पुन्हा काळी रेघ, पुन्हा पाणी. दुपारचं जेवण दोघांनी ताट मांडीवर घेऊन केलं. पटाशी उजवीकडे उतरती झाली. डाव्या हातावर केस उरले नव्हते म्हणून धार उजव्यावर तपासली. तेवढ्यात बायकोने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! बाबा डावखुरे नाहीत का! त्यांची डावीकडेच उतरती असणार!"

काटकोन पुन्हा यंत्राकडे वळला. त्याने ट्रेमधला चिखल ओतून टाकला, नवं पाणी भरलं आणि बसला. संध्याकाळी पटाशी डावीकडे उतरती झाली, अगदी मापात, आणि चांगली दोन बोटं आखूड. धार तपासायला त्याला पँट गुडघ्यापर्यंत सरकवावी लागली.

दुसऱ्या दिवशी सासरे आले. त्यांना गाडीतून घेऊन साडूही आला. गंमत बघायची सोडतोय कशाला!

सासऱ्यांनी पटाशी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, मग जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू, ही अशी मापात तिरकी कोणी केली?"

"तिरकीच होती ना, बाबा? कोपऱ्यांसाठी..."

"कसले कोपरे? अहो, रंगाचा डबा उघडताना हिचा कोपरा उडाला, तो घासला तर सगळी कडच उतरती झाली. ही सरळ करून द्या म्हणून तर पाठवली होती."

साडूने रुमाल तोंडावर धरला. काटकोनाला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. पेटी गेली. रंधा गेला. उरला राखाडी पाण्याचा ट्रे.

"बाबा, यांनी आधी सरळच केली होती हो," बायको पुढे आली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "अगदी छान केली होती. मीच शहाणपणा केला. मीच दोनदा घासायला लावली."

"आणि यांनी घासली?"

"दिवसभर. जेवलेसुद्धा नाहीत धड."

सासऱ्यांनी अंगठ्याने धार आडवी चाचपली. मग त्यांनी जावयाचा हात धरून पाहिला, तो गुळगुळीत. दुसराही तसाच.

"केस?"

"संपले," काटकोन पुटपुटला.

सासरे हसू दाबत लाकडाचा तुकडा मागते झाले. पटाशी त्यावरून एकदाच फिरवली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल गुंडाळत वर आली. ती त्यांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"धार म्हणतात ती हीच," ते म्हणाले. "आणि एका हत्यारापायी अंगावर केस न ठेवणारा माणूस मी या धंद्यातसुद्धा पाहिला नाही. पेटी मोठ्या जावयांकडे जाईल."

साडूचा रुमाल तोंडावरून खाली आला. "पण बाबा, माझं कपाट तयार आहे!"

"कपाट रिकामं नाही राहायचं. त्यात ठेवायला हे यंत्र घेऊन जा."

"यंत्र?" काटकोन कळवळला. "बाबा, यंत्र कशाला?"

"जावईबापू, हे इथे राहिलं तर वर्षभरात पेटीत नुसत्या मुठी उरतील. तुम्हाला सहाणेवर हाताने घासून धार लावायला मी शिकवतो. हात दुखले की माणूस वेळेवर थांबतो."

साडूने निमूटपणे यंत्र उचललं. ट्रेमधलं पाणी त्याच्या बुटांवर सांडलं. बायकोने दार केव्हाच उघडून धरलं होतं.