सातवं माकड

नाशिकच्या वेशीवरच्या त्या छोट्या प्राणिसंग्रहालयात आपल्या परवानगीशिवाय जंतूसुद्धा शिरत नाही, असं तृप्ती छातीठोकपणे सांगायची. मायक्रोबायोलॉजीची एम.एस्सी. होती ती! मुठीत मावतील अशी सहा मार्मोसेट माकडं तिच्या भरवशावर होती. एवढ्याशा जिवांना माणसाकडून हगवणीचा जंतू लागला, तर दोन दिवसांत पिंजरा रिकामा. म्हणून दारात जंतुनाशकाचं घमेलं, आतल्या चपला वेगळ्या, फळं दोनदा धुतलेली आणि दर सोमवारी सहांच्या शीचे नमुने शहरातल्या द्वारका चौकातल्या लॅबला.

त्या सोमवारी मात्र ती घरी होती. अडीच वर्षांच्या ओमला जुलाब लागले होते. हाताला सवयच; तिने त्याचाही नमुना डबीत भरला. नाशिक रोडला कामावर निघालेल्या नवऱ्याला म्हणाली, "किशोर, संग्रहालयाच्या फाटकावर वाल्मीककडे दे. माकडांच्या पिशवीतून जाईल."

थोड्या वेळाने माकडांची देखभाल करणाऱ्या वाल्मीकचा फोन.

"ताई, साहेबांनी डबी दिली. नाव काय टाकू?"

तेवढ्यात ओम टीव्हीच्या टेबलावर चढला.

"माकडा, उतर आधी! हां, बोल वाल्मीक."

"झालं ताई, टाकलं."

बुधवारी प्राण्यांच्या डॉक्टर शहनाज मॅडमचा फोन आला.

"तृप्ती, सातव्या माकडात शिगेला जंतू सापडलाय, हगवणीचा."

"मॅडम, आपल्याकडे सहाच आहेत."

"तेच तर. वाल्मीक सकाळपासून मोजतोय. एक पळालं बहुतेक. असला जंतू घेऊन पंचवटीच्या भाजीबाजारात शिरलं तर? वनखात्याला कळवतेय मी."

शिगेला. डबी. माकड. तृप्तीला सोमवारचा फोन आठवला.

"कळवू नका मॅडम. ते माझ्या घरी आहे."

मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "घरी नेलंस? अगं, गुन्हा आहे हा."

"माझंच आहे मॅडम."

"सगळे असंच म्हणतात. कधीपासून ठेवलंयस?"

"अडीच वर्षं झाली."

"पिंजऱ्यात?"

"आधी पाळण्यात. आता आमच्यातच झोपतं."

मागून वाल्मीकचा काळजीचा आवाज आला, "खातंय का विचारा ना."

"मॅडम, तो ओम आहे हो," तृप्ती रडवेली झाली. "माझा मुलगा."

मॅडम इतक्या हसल्या की फोन वाल्मीकला धरावा लागला. मग दम खात म्हणाल्या, "आधी मुलांच्या डॉक्टरांकडे पळ. आपली सहाही ठणठणीत आहेत. आणि दोन आठवडे इकडे फिरकू नकोस."

ओम आठवड्यात बरा झाला. दोन आठवड्यांनी तृप्ती कामावर आली, तर नोंदवहीत वाल्मीकच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: 'माकड क्र. ७: पालकांच्या ताब्यात.'

शेजारच्या 'तपासून बरोबर' या रकान्यात तिने मुकाट सही केली.