मेंदूसंशोधनातला वेणीखर्च

सरकारी पैसा सत्कारणी कसा लावावा, हे अख्ख्या ओशोग्बोत एकट्या मला कळतं! मी सरकारी इस्पितळात मेंदूचा आलेख काढणारा माणूस. वर्षानुवर्षं आम्ही मेंदूच्या संशोधनासाठी नायजेरियाच्या राजधानीकडे, अबुजाकडे हात पसरले, तेव्हा कुठे एक यंत्र आलं. उद्घाटनाला मंडप, जोलोफ भात, साहेबांच्या बायकांना एकसारखं कापड, सगळं मंजूर! यंत्राची टोपी मात्र आमच्या बायकांच्या डोक्यावर बसेना. तिच्या तारा टाळूला टेकाव्या लागतात, आणि इथे डोकंभर घट्ट वेण्या! अहो, टोपी मागवणाऱ्या शहाण्यांनी एकदा घरच्या बायकोचं डोकं तरी पाहायचं!

वेण्या सोडायला कोणी तयार होईना. रविवारभर बसून घातलेल्या वेण्या पुन्हा कोण घालून देणार? मग मी नामी युक्ती काढली. नाक्यावर वेण्या घालणाऱ्या इया सिकिराला तिच्या स्टुलासकट प्रयोगशाळेत आणून बसवलं. तिनं वेण्या सोडायच्या, मी आलेख काढायचा, तिनं पुन्हा घालायच्या. पैसे संशोधनाच्या निधीतून!

आठवड्याभरात गावातल्या समस्त बायकांची डोकी बिघडली. एक नवरी तर मैत्रिणींचा ताफा घेऊन आली.

"काय होतंय?"

"डोकं जड झालंय हो, दादा."

"कधीपासून?"

"लग्न शनिवारी आहे."

या गर्दीत खरी गरज होती ती छोट्या मोरेनिकेला. पोरीला फिट यायच्या. इतर मुलांना लागण होईल म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी तिला घरी बसवलं होतं. लागण म्हणे! शिकल्यासवरल्या बाईनं असं बोलावं? पोरीच्या अर्ध्या वेण्या सोडून झाल्या, तोच दारात अबुजाहून आलेले हिशेबतपासनीस उदोह साहेब!

"हे संशोधन आहे की सलून?"

"साहेब, मेंदू केसांच्या खाली असतो."

"निधी खालच्यासाठी आहे. वरचा खर्च नामंजूर!"

माझं टाळकंच सणकलं. "आणि तो मंडप? तो भात? तो मेंदूच्या आत होता?"

"भाताला तरतूद होती. वेणीला नाही!"

"ओ साहेब!" मोरेनिकेची आई कडाडली. "माझी लेक अर्धं डोकं घेऊन घरी जायची नाही. आलेख निघेपर्यंत तुम्हीही इथून हलायचं नाही!" आणि तिनं दारातच बसकण मारली. साहेब खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

इया सिकिरानं उरलेल्या वेण्या सोडल्या, मी आलेख काढला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तो पाहून ठणकावून लिहून दिलं: लागण होत नाही, औषध चालू केलंय, उद्यापासून शाळेत घ्या! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. डोळे पुसून पाहतो तर इया सिकिरा स्टूल उचलून निघालेली.

"अगं, पुन्हा कोण घालणार?"

"सोडल्या त्या पोरीच्या मायेनं. घालायला सरकारला सांग!"

सरकार तर आलेख निघताच खुर्ची सोडून सटकलं होतं.

मग मीच बसलो! इतक्या नाजूक तारा लावणारा माणूस मी, वेण्यांचं काय घेऊन बसलात! जीव ओतून घातल्या. मोरेनिकेनं आरसा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून भोकाड पसरलं.

"मी नाही शाळेत जायची!"